अकरा महिन्यांची सवय

बरेच दिवस ह्या विषयावर लिहायचं मनात होतं. आपल्याकडे नातेवाईक पगार विचारतात, भाडं किती भरता तेही विचारतात, पण घरमालकाशी नेमकं काय बोलणं झालं हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. वाढवून मागितलं, आम्ही दिलं, एवढ्यावर विषय संपतो. मधलं सगळं गुलदस्त्यात.

यंदा तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक ब्रॅम्प्टनला नुकताच आलेला चुलतभावाचा मित्र, एक ऑफिसातली मैत्रीण, आणि तिसरी कोथरूडची आत्या, जिचा स्वतःचा वन बीएचके तिने भाड्याने दिलेला आहे. प्रश्न असा: "लीज संपलं की घर सोडावं लागतं ना?"

नाही. निदान आम्ही राहतो त्या ओंटॅरिओमध्ये तरी नाही. (कॅनडात हे प्रांताप्रांतावर आहे बरं का. क्विबेकचे नियम वेगळे, आणि अल्बर्टात तर भाडं किती वाढवावं ह्याला कमाल मर्यादाच नाही. तेव्हा तिकडच्या मंडळींनी माझ्या भरवशावर राहू नये.)

हे "नाही" मला स्वतःला पचायला फार वेळ लागला होता, आणि त्याचं कारण पुण्यात आहे. लग्नाआधी आणि नंतर मिळून मी पुण्यात चार भाड्याची घरं केली. सगळी लिव्ह अँड लायसन्सवर. अकरा महिने, की नवा करार, दहा टक्के वाढ, दलालाला पुन्हा एका महिन्याचं भाडं, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि नाही जमलं तर मे महिन्याच्या उन्हात टेम्पो. लिव्ह अँड लायसन्स ह्या शब्दांतच सगळं आलेलं आहे. तुम्ही भाडेकरू नसताच मुळी. तुम्हाला राहायची परवानगी आहे, आणि परवानगीची मुदत संपली की विषय संपला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तर अशी तरतूद आहे की मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. असे काही करार केले की माणसाच्या अंगात एक सवय मुरते. मालकाचा फोन आला की आधी पोटात गोळा, मग आवाजात साखर.

आजीचं उलट होतं. तिची गिरगावातली चाळीतली खोली. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती, आणि ती पुढे पन्नास वर्षं तशीच राहिली. आजी महिन्याला वीस रुपयांच्या आतच भाडं भरायची. मुनीम यायचा, पावती द्यायचा, आणि आजी ती पावती पत्र्याच्या ट्रंकेत सोन्याच्या बांगडीशेजारी ठेवायची. ती पावती म्हणजे घर. मालकाला तिला काढता येत नव्हतं, आणि तो जिन्याचा कठडाही दुरुस्त करत नव्हता. वीस रुपयांत कसा करणार? मी लहानपणी बघितला तो जिना लाकडी टेकूंवर उभा होता. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत असं म्हटलं. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंना वर्षाला चार टक्के वाढ ठरली. तोवर आजी गेली होती.

म्हणजे माझ्या घरात दोन टोकं होती. एक आजी, जिला कोणी हात लावू शकत नव्हतं, आणि एक मी, जिला दर अकरा महिन्यांनी कोणीही हलवू शकत होतं. मधलंही काही असू शकतं हे मला मिसिसागाला येऊन कळलं.

आता मूळ गोष्ट. स्क्वेअर वनजवळच्या एका टॉवरमध्ये आम्ही २०१९ च्या ऑगस्टपासून राहतो. दोन बेडरूम, एक पार्किंग, भाडं २,२०० डॉलर. मालकीणबाई गुजराती, साठीच्या, आम्ही त्यांना बेन म्हणतो. चांगल्या आहेत. ढोकळा पाठवणाऱ्या, गळका नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणाऱ्या. दर जुलैत त्या एक पानी कागद पाठवायच्या, आणखी एक वर्षासाठी, त्याच भाड्याने, आणि आम्ही सही करायचो. २०२१ मध्ये तर प्रांताने भाडेवाढ पूर्ण गोठवलीच होती, पण आधी आणि नंतरही त्यांनी कधी वाढ मागितली नाही.

२०२३ च्या मे महिन्यात व्हॉट्सॅपवर निरोप आला. लीज ३१ जुलैला संपतंय, नवीन भाडं २,८५०, नसेल जमत तर कृपया घर रिकामं करून द्यावं. शेवटी हात जोडलेली दोन चित्रं.

साडेसहाशे डॉलर. जवळजवळ तीस टक्के. वर्षाचे सात हजार आठशे. लेक तेव्हा चौथीत होती, तिची शाळा पत्त्यावर ठरते आणि ती त्या वर्षी पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, आनंदाने शाळेत जायला लागली होती. त्याआधीची दोन वर्षं घरात पडद्यासमोर गेलेली. त्याच भागात दुसरं घर बघायला गेलो तर दोन बेडरूमला बेन मागत होत्या तेवढंच किंवा वरच होतं. बाजारभावाने बघितलं तर त्यांचं चुकत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

त्या शनिवारी एका ओळखीच्यांकडे जेवण होतं, तिथे सहज विषय निघाला आणि दोन तट पडले. एक म्हणे देऊन टाका, देशी बाई आहे, कशाला वाकडं घेता, उद्या रेफरन्स लागेल. दुसरा तट म्हणे एक पैसा देऊ नका, काय करणार आहे ती, इथे भाडेकरूला वर्षभर कोणी काढू शकत नाही. गंमत म्हणजे पहिल्या तटातले सगळे भाड्याने राहणारे होते आणि दुसऱ्या तटातले सगळे स्वतःच्या घरात. असो.

नवरा सांगलीचा. त्याचं म्हणणं एकच, आधी कागद काढ. २०१९ ला सही केलेलं करारपत्र काढलं. ३० एप्रिल २०१८ पासून ओंटॅरिओत बहुतेक खाजगी भाडेकरारांना सरकारचाच छापील नमुना वापरावा लागतो. त्याच्या पहिल्या काही पानांवर नावं, रक्कम, तारखा. मागची पानं कोणी वाचत नाही. त्या मागच्या पानांत साध्या इंग्रजीत लिहिलेलं आहे की मुदत संपली आणि नवा करार झाला नाही, तरी भाडेकरूने घर सोडायची गरज नाही. जुन्याच अटींवर महिना ते महिना भाडेकरार आपोआप चालू राहतो. बेननी त्याच कागदावर सही केली होती. मीही.

मग मी चार रात्री वाचन केलं. तिथल्या सामुदायिक कायदा केंद्रात फोन करून माझं काही चुकत नाही ना हेही विचारून घेतलं. मला समजलं ते थोडक्यात असं. २००६ च्या भाडेकरू कायद्याप्रमाणे भाडं बारा महिन्यांतून एकदाच वाढवता येतं. त्यासाठी किमान नव्वद दिवस आधी लेखी नोटीस लागते, सरकारचा एन-१ नावाचा फॉर्म. व्हॉट्सॅप चालत नाही. आणि किती वाढवायचं त्याचा आकडा दरवर्षी प्रांत जाहीर करतो. तो महागाईच्या निर्देशांकावरून काढतात, पण कायद्यानेच अडीच टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. २०२२ ला १.२ टक्के होता. २०२३ ला महागाईच्या हिशेबाने पाचाच्या वर गेला असता, मर्यादेमुळे २.५ वर थांबला. आणि आधीच्या वर्षांत न मागितलेली वाढ साठवून एकदम मागता येत नाही. बेनची तीन वर्षांची भलाई कायद्याच्या लेखी शून्य. हे वाचून मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही.

एक मोठा अपवाद आहे आणि तो ज्यांनी नवीन टॉवरमध्ये घर घेतलंय त्यांनी आजच तपासावा. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर जी जागा पहिल्यांदा राहायला वापरली गेली, तिला हा अडीच टक्क्यांचा नियम लागू नाही. नव्वद दिवसांची नोटीस लागते, वर्षातून एकदाच वाढवता येतं, पण किती ते मालकाच्या मर्जीवर. जुन्या घरात त्या तारखेनंतर नव्याने काढलेली बेसमेंटची स्वतंत्र जागासुद्धा ह्यात येऊ शकते. आमचा टॉवर २०१२ चा, म्हणून आम्ही सुटलो. समोरच्या काचेच्या नव्या इमारतीतली माझी मैत्रीण नाही सुटली. मधे फक्त रस्ता. तिला त्याच वर्षी चारशे डॉलर वाढ आली, पूर्ण कायदेशीर, आणि ती ओकव्हिलच्या पलीकडे राहायला गेली. सरकारचं म्हणणं असं की त्यामुळे बांधकाम व्यावसायिक नवी घरं बांधतील. बांधलीही असतील. मैत्रिणीच्या मुलाला शाळा बदलावी लागली तेही खरं.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. नियमाबाहेरची वाढ तुम्ही गुपचूप वर्षभर भरत राहिलात आणि त्या काळात लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे अर्ज केला नाहीत, तर ती वाढ पुढे वैध धरली जाते. म्हणजे "आत्ता देऊन टाकू, पुढे बघू" हा जो आपला ठरलेला मार्ग आहे, त्याने हक्कच जातो. आजीची ट्रंक आठवली. कागद जपायची तिची सवय मला तेव्हा गमतीची वाटायची.

आत्याने हे ऐकल्यावर तिच्यातली मालकीण जागी झाली. "अगं मग ती बिचारी बाई तुम्हाला कधी काढूच शकत नाही की काय?" शकते ना. भाडं थकवलं तर, जागेची नासधूस केली तर, तिला किंवा तिच्या नवऱ्याला, मुलाला, आईवडिलांना स्वतः राहायचं असेल तर, किंवा राहण्यासाठी घेणाऱ्या कोणाला ती घर विकत असेल तर. पण काढायचा हुकूम फक्त बोर्ड देऊ शकतं, आणि तो अमलात आणतो शेरीफ. मालकाने कुलूप बदललं तर तोच गुन्हेगार. आणि बोर्डाकडे तेव्हा रांग इतकी होती की २०२३ च्या मे महिन्यातच ओंटॅरिओच्या ओम्बुड्समननी त्या दिरंगाईवर कडक अहवाल काढला होता. भाडं बुडवणारा भाडेकरू महिनोन्महिने फुकट राहतो आणि छोटा मालक हप्ते भरत बसतो, असे किस्से इथे खरेच घडलेले आहेत. ते मालक बहुतेक वेळा आपल्यासारखेच लोक असतात, एक घर राहायला, एक म्हातारपणासाठी.

बेन त्यातल्याच. आणि त्यांचं गणित समजून घेतल्याशिवाय बोलायला जाण्यात अर्थ नव्हता. बँक ऑफ कॅनडाचा दर २०२२ च्या मार्चच्या सुरुवातीपर्यंत पाव टक्का होता. आम्ही भेटलो तेव्हा साडेचार झाला होता, जुलैत पाच झाला. ज्यांचं कर्ज बदलत्या दराचं होतं त्यांचा हप्ता जवळजवळ दर भेटीला वाढत होता. बेनचं तसंच.

मी त्यांना टिम हॉर्टन्समध्ये भेटायला बोलावलं. घरी नको, कारण घरी त्या पाहुण्या होतात आणि मग मला कठीण जातं. त्या थेपले घेऊन आल्या होत्या. (तिथल्या मुलीने बघून न बघितल्यासारखं केलं.) मी एक कागद नेला होता, करारपत्राची मागची पानं आणि एन-१ चा कोरा फॉर्म. तो कोरा फॉर्म नेणं ही नवऱ्याची कल्पना. तो म्हणाला, नाही म्हणायला जाऊ नकोस, किती आणि कसं ते सांगायला जा.

सुरुवातीची दहा मिनिटं अवघड होती. मी सांगितलं की आम्हाला राहायचं आहे, भाडं वाढायला हवं हेही मान्य आहे, आणि कायद्याने ह्या वर्षी पंचावन्न डॉलर वाढतात. त्या पंचावन्न ऐकून हसल्या, मग हसू गेलं. म्हणाल्या, "बेटा, पचपन में तो मेरा मेंटेनन्स भी नहीं आता." हप्ता हजारेक डॉलरने वाढलाय, दर महिन्याला पदरचे घालते आहे. मी ऐकून घेतलं. खरंच होतं ते.

मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नहीं तो फिर मेरा लड़का आ जाएगा रहने."

हे वाक्य इथे भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. मुलगा कॅल्गरीला, चांगल्या नोकरीत, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पुण्यातली मी असते तर इथेच विषय संपवून सहाशे पन्नासवर सही केली असती. मी म्हणाले, "बेन, लड़का सच में आ रहा है तो बताइए, हम ढूँढ लेंगे." मग जे वाचलं होतं ते शांतपणे सांगितलं. त्यासाठी वेगळी नोटीस असते, साठ दिवसांची. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका महिन्याचं भाडं त्यांनी आम्हाला द्यायचं. मुलाने किमान वर्षभर तिथे राहायला हवं, आणि तो न येता घर दुसऱ्याला जास्त भाड्याने गेलं तर बोर्ड मोठा दंड करू शकतं. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच वाटली नाही, आणि हेच मला नवीन होतं. ह्या बाईने आत्ता रागाने उठून जायचं ठरवलं, तरी १ ऑगस्टला आम्ही रस्त्यावर नसणार, हे पक्कं माहीत होतं. इतक्या वर्षांत कुठल्याही घरमालकासमोर मी अशी बसलेली नव्हते. समोरच्याच्या अडचणीकडे नीट बघायलाही मला त्या दिवशीच सवड मिळाली.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मुझे किसी ने बोला था ऐसा बोलने को." आणि आम्ही दोघीही हसलो.

त्यानंतर जे बोलणं झालं त्याला मी खरी घासाघीस म्हणेन. त्यांच्याकडे इमारतीत दुसरं पार्किंग होतं, कोणाला तरी दिलेलं, तो मार्चमध्ये सोडून गेलेला. नवऱ्याने नवीन नोकरीसाठी दुसरी गाडी घेतली होती आणि आम्ही पाचव्या मजल्यावरच्या एकांना पार्किंगचे महिना १३० डॉलर देत होतो. तेच १३० बेनना दिले तर? भाडेकरूच्या संमतीने पार्किंगसारखी नवीन सोय जोडली तर त्यापुरतं भाडं वाढवायला कायद्याची आडकाठी नाही. आमच्या खिशाला फरक शून्य, त्यांना वर्षाचे १,५६० जास्त. दुसरं असं निघालं की त्यांचा हप्ता १ तारखेला कापला जायचा आणि आमचं भाडं १ ला संध्याकाळी पोचायचं. त्या मधल्या काही तासांसाठी त्या लेकीकडून उसने घेत होत्या! चार वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. आम्ही २८ तारखेला पाठवायचं कबूल केलं. ह्याला एक सेंट लागत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते साडेसहाशेपेक्षा कमी नव्हतं.

एन-१ त्यांनी तिथेच भरला. २,२०० चे २,२५५, १ सप्टेंबरपासून, कारण नव्वद दिवस मोजले तर ऑगस्ट बसत नव्हता. पार्किंग वेगळ्या कागदावर, दोघींच्या सह्या. एकूण २,३८५. त्यांना हवे होते त्यापेक्षा ४६५ कमी. घर विकायचा विचारही त्यांनी बोलून दाखवला, आणि मी म्हणाले तो तुमचा हक्क आहे. ती टांगती तलवार पुढे वर्षभर होतीच.

हे वाचून कोणाला वाटेल की मी बेनचा तोटा करून घरी आले. माझ्याही डोक्यात ते काही दिवस होतं. पण व्याजदर वाढल्याचा सगळा भार तीस टक्क्यांनी आमच्या पगारावर का यावा, ह्याचं उत्तर मला सापडलेलं नाही. दर पाव टक्का होता तेव्हा त्यांनी भाडं कमी केलं नव्हतं, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. दुसऱ्या बाजूने, इथला कायदा निर्दोष आहे असंही मला म्हणायचं नाही. भाडेकरू बदलला की नव्या भाडेकरूला मालक वाट्टेल ते भाडं लावू शकतो. त्यामुळे जुना भाडेकरू जितका जास्त टिकेल तितका मालकाला तो जावासा वाटतो, आणि कॅल्गरीतले मुलगे एकाएकी घरी यायला लागतात. भाडेकरूही मग घर लहान पडलं तरी हलत नाहीत. आमच्या मजल्यावर एक कुटुंब पाच जणांचं आहे, एका बेडरूममध्ये, केवळ भाडं २०१४ चं आहे म्हणून. गिरगावची आठवण येते ती अशा वेळी. फक्त इथे दरवर्षी थोडी वाढ मिळते, म्हणून जिन्याला टेकू लावायची वेळ येत नाही.

पुढचं थोडक्यात. २०२४ च्या सप्टेंबरात अडीच टक्के, बिनबोभाट, २,४४४ डॉलर आणि ६३ सेंट. ते ६३ सेंट आम्ही इमानेइतबारे पाठवतो. तोवर व्याजदर उतरायला लागले होते, परदेशी विद्यार्थी कमी झाले, नवे टॉवर तयार होऊन रिकामे पडले, आणि टोरंटोच्या परिसरातली भाडी खाली आली. २०२५ च्या मे महिन्यात बेनचा फोन आला. मला वाटलं एन-१ बद्दल असेल. "बेटा, तुम लोग रहोगे ना?" आमच्याच इमारतीत तसंच घर दोन महिने रिकामं होतं, त्यांनी ते बघितलं होतं. मी म्हणाले राहू, पण ह्या वर्षी वाढ नको. त्या म्हणाल्या ठीक है. पाच मिनिटांत झालं. थेपल्यांशिवाय.

त्याच २०२५ च्या ऑक्टोबरात प्रांताच्या सरकारने मुदत संपल्यावरही आपोआप राहण्याच्या ह्या हक्काचा फेरविचार करू असं सुचवलं होतं. इतकी ओरड झाली की काही दिवसांतच ते मागे घेतलं. ती बातमी वाचली तेव्हा मी रात्री उठून करारपत्राची फाइल जागेवर आहे ना ते बघून आले. नवरा म्हणाला, कागद कुठे पळून जातोय? त्याला चाळीत राहिल्याचा अनुभव नाही.

ब्रॅम्प्टनच्या त्या मुलासाठी, तो हे वाचतोय असं गृहीत धरून: डिपॉझिट म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडं सोडून जास्त काही मागायचा मालकाला अधिकार नाही. सहा महिन्यांचं आगाऊ भाडं किंवा वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक अट म्हणून मागता येत नाहीत. त्या डिपॉझिटवर दरवर्षी व्याजही मिळतं, त्या वर्षीच्या भाडेवाढीच्याच दराने. नवीन आलेल्यांना क्रेडिट हिस्टरी नसते म्हणून आपणच होऊन सहा महिन्यांचं देऊ करतो, हे मला माहीत आहे, आणि घर मिळवायच्या घाईत कोण कायदा वाचतो तेही माहीत आहे. पण तुझी बेसमेंट कधी बांधली, त्यात आधी कोणी राहत होतं का, हे मात्र मालकाला आजच विचार आणि उत्तर लेखी घे.

आणि आत्यासाठी: हो, तुझा भाडेकरू अकरा महिन्यांनी जाईल. नाही, मी त्याला काही शिकवलेलं नाही. :)

२०२६ साठीचा आकडा २.१ टक्के आहे. आमच्या भाड्यावर एक्कावन्न डॉलर आणि काही सेंट होतात. एन-१ अजून आलेला नाही. आला तर भरू.